बोन डेन्सिटीच्या रिपोर्टमध्ये न दिसणारे पाणी: शिबिरातला हिरवा शिक्का पुरेसा आहे का?

२० ऑक्टोबरचा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन जवळ आला की गृहनिर्माण सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ आणि दवाखान्यांबाहेर 'हाडांची मोफत तपासणी' असे फलक लागतात. टाच एका छोट्या यंत्रात ठेवायची, दोन-तीन मिनिटांत चिठ्ठी मिळते. त्यावर एक आकडा आणि हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. हिरवा आला की लोक निर्धास्त होतात, लाल आला की त्याच संध्याकाळी कॅल्शियमच्या गोळ्या घरी येतात.

दुसरीकडे मोबाईलवर वेगळीच जाहिरात फिरत असते. नेहमीच्या पाण्यामुळे शरीरात आम्ल वाढते, ते आम्ल हाडे विरघळवते, म्हणून अमुक यंत्राचे 'अल्कलाइन' पाणी प्या. यंत्राची किंमत हजारांत, कधी लाखांतही.

या दोन्ही गोष्टी एका जागी येऊन भेटतात: हाडातले पाणी. शिबिराचा आकडा ते मोजत नाही आणि जाहिरातीतले यंत्र ते वाढवत नाही. तरीही हाड पडल्यावर तग धरते की मोडते, हे ठरवण्यात या पाण्याचा मोठा वाटा असतो. मधुमेहाच्या रुग्णांसाठी तर ही बाब फारच महत्त्वाची आहे. म्हणून ती नीट समजून घेऊ.

हाडात पाणी असते?

असते, आणि बरेच असते. शाळेच्या प्रयोगशाळेतला पांढरा, कोरडा सांगाडा पाहून आपल्याला हाड म्हणजे दगडासारखी वस्तू वाटते. जिवंत हाड तसे नसते. आपल्या लांब हाडांचा बाहेरचा घट्ट भाग घेतला, तर त्याच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा पाणी असते. उरलेल्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे खनिज आणि कोलॅजेन नावाचे दोरीसारखे प्रथिन असते.

हे पाणी तीन ठिकाणी असते.

* मोकळे पाणी: हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या, पेशींच्या खोबणी आणि त्यांना जोडणारे केसाहून बारीक मार्ग यांत हे फिरते.
* बांधलेले पाणी: कोलॅजेनचे धागे आणि खनिजाचे कण यांच्या पृष्ठभागाला हे घट्ट चिकटून असते. ते वाहत नाही.
* खनिजातले पाणी: खनिजाच्या कणांच्या रचनेतच बसलेले, अगदी थोडे.

यातले दुसरे, बांधलेले पाणी आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. स्लॅब टाकल्यावर काँक्रीटवर पाणी मारतात, त्यातले काही पाणी सिमेंटशी एकरूप होऊन कायमचे तिथेच राहते. ते पाणी आता ओलावा नसतो, त्या काँक्रीटचाच भाग असतो. हाडातले बांधलेले पाणीही असेच हाडाचा घटक आहे.

हे पाणी काय काम करते?

हिरवी काडी वाकते, वाळलेली कटकन मोडते. हाडाचेही जवळपास तसेच आहे. प्रयोगशाळेत हाडाचे तुकडे टप्प्याटप्प्याने वाळवून त्यांच्यावर भार दिला, तेव्हा दिसले की पाणी गेल्यावर हाड अधिक ताठ होते, पण मोडण्याआधी धक्का पचवण्याची त्याची क्षमता घटते. म्हणजे हाड कडक होते आणि ठिसूळही होते. कडकपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काच कडक असते, पण चिवट नसते.

पाण्याचे रेणू कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये आणि खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये वंगणासारखे आणि काही प्रमाणात सांध्यासारखे काम करतात. भार आला की थर एकमेकांवर किंचित सरकतात, मग पुन्हा जागेवर येतात. हा सरकण्याचा वाव राहिला नाही, तर छोटी भेग तिथेच न थांबता पुढे धावते. लखनौच्या सेंटर ऑफ बायोमेडिकल रिसर्चमधील शास्त्रज्ञांनी एनएमआर तंत्राने, पाणी निघून गेल्यावर कोलॅजेन आणि खनिज यांच्या सांध्यात कोणते बदल होतात, याचा अभ्यास केला आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये सायट्रेट आणि पाणी मिळून एक पातळ थर तयार होतो.

वय वाढते तसा या पाण्याचा हिशेब बिघडतो. हाडात छिद्रे वाढतात, त्यामुळे मोकळे पाणी वाढते. पण बांधलेले पाणी कमी होत जाते. म्हणजे 'हाडात एकूण पाणी किती' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. कुठले पाणी किती, हा खरा प्रश्न आहे.

मग तपासणीत हे का दिसत नाही?

हाडांची घनता मोजण्याची प्रमाण पद्धत म्हणजे डेक्सा स्कॅन. त्यात दोन वेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण मणका आणि खुब्यातून जातात आणि तिथे किती खनिज आहे हे मोजले जाते. निरोगी तरुण व्यक्तींच्या सरासरीशी तुलना करून टी-स्कोअर काढतात. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने उणे २.५ किंवा त्याहून कमी टी-स्कोअरला ऑस्टिओपोरोसिस म्हणायचे ठरवले, तीच रेषा आजही वापरतात.

डेक्सा उपयोगी तपासणी आहे, यात शंका नाही. पण ती हाडातला दगड मोजते. कोलॅजेनची अवस्था आणि बांधलेले पाणी तिच्या आवाक्याबाहेर आहे. नेहमीच्या एमआरआयलाही हे पाणी दिसत नाही, कारण घट्ट हाडातल्या पाण्याचा सिग्नल एक हजारांश सेकंदाच्याही आत विझतो. म्हणून एमआरआयच्या चित्रात घट्ट हाड काळे दिसते. अतिशय कमी वेळात सिग्नल टिपणाऱ्या खास एमआरआय पद्धती आता मोकळे आणि बांधलेले पाणी वेगवेगळे मोजू शकतात, पण त्या अजून संशोधनापुरत्याच आहेत. तुमच्या जवळच्या केंद्रात 'हाडातले पाणी तपासून देतो' असे कोणी सांगितले, तर त्यावर पैसे घालवू नका.

शिबिरातले टाचेचे यंत्र तर डेक्साही नसते. त्यात बहुधा ध्वनिलहरी वापरतात. उणे २.५ ही रेषा त्या यंत्राच्या आकड्याला लागू होत नाही. त्यावरून ऑस्टिओपोरोसिसचे निदान करू नये, औषध सुरू करू नये आणि औषधाचा परिणामही तपासू नये. फार तर कोणाला पुढे डेक्साची गरज आहे, एवढा अंदाज घ्यावा.

घनता वाढली म्हणजे हाड मजबूत झाले?

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला १९९० मध्ये मिळाले. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतर ऑस्टिओपोरोसिस झालेल्या २०२ स्त्रियांवर चार वर्षे एक चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना कॅल्शियमसोबत रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिले, बाकीच्यांना फक्त कॅल्शियम. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या मणक्याची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली. रिपोर्टवर विश्वास ठेवला असता तर हे सर्वोत्तम औषध ठरले असते. प्रत्यक्षात मणक्याची फ्रॅक्चर लक्षणीयरीत्या कमी झाली नाहीत आणि हात-पाय, खुबा अशा इतर हाडांची फ्रॅक्चर मात्र वाढली. फ्लोराइडने खनिज वाढवले, पण तयार झालेल्या हाडाचा दर्जा खराब होता.

महाराष्ट्रात ही केवळ जुन्या चाचणीची गोष्ट नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. वर्षानुवर्षे त्याहून बरेच जास्त पोटात गेले, तर दातांवर डाग पडतात, पाठ आणि सांधे आखडतात. अशा व्यक्तीच्या मणक्याचा टी-स्कोअर चांगला, कधी गरजेपेक्षा जास्त येऊ शकतो. तो पाहून 'हाडे लोखंडासारखी आहेत' असे सांगणे चूक ठरेल. लक्षात ठेवा, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. गावातल्या स्रोताची तपासणी करून घेणे आणि सुरक्षित स्रोताचे किंवा फ्लोराइड काढणाऱ्या प्रक्रियेतून आलेले पाणी पिणे, हाच उपाय आहे.

मधुमेह असेल तर आकडा फसवा का ठरतो?

आपल्या देशासाठी सर्वांत गंभीर मुद्दा हा आहे. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. टाइप २ मधुमेहात, विशेषतः वजन जास्त असेल तर, हाडांची घनता बऱ्याचदा सामान्य किंवा सरासरीहून चांगली येते. तरीही खुब्याचे फ्रॅक्चर या रुग्णांमध्ये इतरांपेक्षा जास्त होते.

असे का? एचबीएवनसी ही तपासणी तुम्हाला माहीत असेल. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला किती चिकटली, हे ती मोजते. हीच साखर हाडातल्या कोलॅजेनलाही चिकटते. हिमोग्लोबिन असलेल्या तांबड्या पेशी सुमारे चार महिन्यांत बदलतात. हाडातले कोलॅजेन मात्र वर्षानुवर्षे तेच राहते. त्यामुळे धाग्यांमध्ये नको असलेल्या गाठी जमत जातात, धागे ताठ होतात आणि त्यांची पाणी धरून ठेवण्याची पद्धतही बदलते. खनिज जागेवर, आकडा चांगला, पण चिवटपणा कमी. त्यात पायाच्या संवेदना कमी होणे, नजर अधू होणे आणि साखर अचानक उतरणे यांमुळे पडण्याची शक्यता वाढते, ती वेगळीच.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणातून दिसले की, सारख्याच टी-स्कोअरला मधुमेही ज्येष्ठांचा फ्रॅक्चरचा धोका जास्त असतो. फरक साधारण अर्ध्या अंकाइतका. म्हणजे मधुमेह असलेल्या आजींचा आकडा उणे २ आला, तर त्यांचा धोका मधुमेह नसलेल्या आणि उणे २.५ आकडा असलेल्या आजींच्या जवळपास समजावा. शिबिरातल्या चिठ्ठीवर त्यांना पिवळा रंग मिळतो, 'अजून वेळ आहे' असे सांगितले जाते आणि इथेच वेळ निघून जातो.

फ्रॅक्चरचा दहा वर्षांचा धोका काढणारे 'फ्रॅक्स' हे गणित भारतासाठीही उपलब्ध आहे. पण त्याच्या मूळ प्रश्नावलीत टाइप २ मधुमेहाचा वेगळा रकाना नाही. म्हणून अनेक तज्ज्ञ संधिवाताच्या रकान्यात 'होय' भरून ही उणीव अंदाजाने भरून काढतात. तुमचे डॉक्टर हे गणित वापरत असतील, तर मधुमेहाचा विचार केला का, हे जरूर विचारा.

औषधांच्या चर्चेत हा मुद्दा कुठे येतो?

नवी औषधे तपासताना फ्रॅक्चर मोजायची तर हजारो रुग्ण आणि अनेक वर्षे लागतात. म्हणून घनतेतील वाढ हाच यशाचा निकष मानावा, असा प्रस्ताव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनापुढे मांडला गेला. त्यासाठी ५० हून अधिक चाचण्यांतील दीड लाखाहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. त्यातून दिसले की ज्या औषधांनी खुब्याची घनता जास्त वाढवली, त्यांनी फ्रॅक्चरही जास्त टाळली. हा पुरावा भक्कम आहे. तेव्हा घनतेला महत्त्व नाही, असा अर्थ कोणी काढू नये. घनता कमी असेल तर उपचार हवेतच.

पण हा निष्कर्ष गटाबद्दलचा आहे. आपल्यासमोर बसलेल्या एका व्यक्तीसाठी तो पुरत नाही. रॅलॉक्सिफेन या औषधाचे उदाहरण घ्या. त्याने घनता जेमतेम २ ते ३ टक्के वाढते, पण मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका ३० ते ५० टक्क्यांनी कमी होतो. नंतर प्रयोगशाळेत जिवंत पेशी नसलेल्या हाडाचे तुकडे या औषधाच्या द्रावणात ठेवले, तेव्हा ते अधिक चिवट झाले आणि त्यांच्यातले बांधलेले पाणी वाढलेले आढळले. पाण्यामुळेच रुग्णांना सगळा फायदा होतो, असे यावरून सिद्ध होत नाही. या औषधाने खुब्याचे फ्रॅक्चर कमी होत नाही आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून ते सर्वांसाठी योग्यही नाही. पण आकड्यात न दिसणारा बदल हाडाला वाचवू शकतो, हे मात्र त्यातून कळते.

मग जास्त पाणी प्यायल्याने हाडे चिवट होतील का?

नाही. जुन्या स्लॅबवर कितीही बादल्या ओतल्या तरी तो अधिक मजबूत होत नाही. बांधलेले पाणी किती राहील, हे कोलॅजेन आणि खनिजाच्या दर्जावर ठरते, दिवसातल्या ग्लासांवर नाही.

अल्कलाइन पाण्याचा दावाही टिकत नाही. रक्ताचा सामू फुप्फुसे आणि मूत्रपिंडे ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखतात. कुठलेही पाणी प्या, ते आधी जठरातल्या तीव्र आम्लात मिसळते. आहारातल्या आम्लामुळे हाडे झिजतात, या कल्पनेची आजवरच्या अभ्यासांच्या आधारे छाननी झाली, तेव्हा तिला आधार मिळाला नाही. त्या यंत्राच्या पैशांत दूध, दही, नाचणी, तीळ, डाळी, अंडी आणि एक रीतसर डेक्सा सहज बसेल.

पण पाण्याचा हाडांशी एक साधा, रोजचा संबंध आहे. अनेक ज्येष्ठ रात्री लघवीला उठावे लागेल म्हणून संध्याकाळनंतर पाणी टाळतात, काहीजण दिवसभरही कमी पितात. शरीरात पाणी कमी पडले की उठताना रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो. खुब्याचे फ्रॅक्चर बहुतेक वेळा घरातल्या अशाच साध्या पडण्याने होते. म्हणून दिवसा पुरेसे पाणी प्या, झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत कमी करा. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

चालताना हाडात काय घडते?

मोकळ्या पाण्याचे कामही कमी महत्त्वाचे नाही. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा हाड अतिशय सूक्ष्म प्रमाणात दबते आणि त्यातले पाणी बारीक मार्गांतून सरकते. हाडाच्या आत बसलेल्या पेशींना हा प्रवाह जाणवतो. त्यातून त्यांना निरोप मिळतो की इथे भार येतो आहे, हे हाड जपायला हवे. भार बंद झाला की निरोपही थांबतो.

अंतराळवीरांमध्ये हे ठळकपणे दिसते. २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी अंतराळातून परतल्या, त्याच वर्षी शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले. तिथे हाडांवर वजनच येत नाही. पुरेसा व्यायाम न केल्यास खुब्याची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्यांनी घटू शकते, म्हणून तिथे रोज व्यायाम सक्तीचा असतो. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे किंवा दिवसभर खुर्चीत बसून राहणाऱ्या आजोबांचेही, कमी वेगाने का होईना, हेच होते. चालणे, जिना चढणे, झेपेल तितका भार उचलणे यांनीच तो निरोप चालू राहतो.

शिबिरे बंद करावीत का?

नको. पण त्यांचा भर यंत्रावरून प्रश्नांवर यायला हवा. साध्या पडण्याने हाड मोडलेल्या स्त्रियांपैकी अर्ध्याहून अधिक जणींचा टी-स्कोअर ऑस्टिओपोरोसिसच्या रेषेच्या वरच असतो, हे मोठ्या पाहण्यांतून वारंवार दिसले आहे. अशा स्त्रियांना केवळ आकडा गाठू शकत नाही. डेक्सा यंत्रेही मुख्यतः शहरांतच आहेत.

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरील लोकांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. या मूळ यादीत हाडे नाहीत. मधुमेह तपासायला आरोग्यसेविका घरी येतेच आहे, तर पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले होते का, एवढे तिने विचारले तरी जास्त धोका असलेली बरीच माणसे सापडतील. त्याला यंत्र लागत नाही.

तुमच्या हातात रिपोर्ट असेल तर

पुढीलपैकी काहीही लागू असेल, तर आकडा चांगला असला तरी डॉक्टरांशी बोला:

* पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट, खांदा, मणका किंवा खुबा मोडला आहे.
* तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटर किंवा अधिक कमी झाली आहे, पाठीला पोक आला आहे.
* मधुमेहाला अनेक वर्षे झाली आहेत, इन्सुलिन चालू आहे किंवा साखर वारंवार उतरते.
* पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध चालू आहे. स्त्रियांमध्ये त्याने फ्रॅक्चरचा धोका वाढतो. ते स्वतःहून बंद मात्र करू नका.
* तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत.
* आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता.
* गेल्या वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा पडला आहात.

थोडक्यात

* हाडाचा चिवटपणा खनिज, कोलॅजेन आणि बांधलेले पाणी या तिघांवर अवलंबून असतो. डेक्सा फक्त खनिज मोजते.
* कमी घनता म्हणजे धोका नक्की आहे. चांगली घनता म्हणजे धोका नाही, असे नाही. मधुमेहात तर नाहीच.
* जास्त किंवा अल्कलाइन पाण्याने हाडातले पाणी वाढत नाही. पण पुरेसे पाणी पिण्याने चक्कर येऊन पडणे टळू शकते.
* साखर ताब्यात ठेवा, रोज चाला, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा, रात्री मार्गावर छोटा दिवा ठेवा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे याचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.